विश्लेषण : मोठ्या वयात ज्युदो शिकता येतो का? जिगोरो कानो यांचे आयुष्य काय सांगते?

तिशी-पस्तिशी ओलांडलेला माणूस नागपुरात पहिल्यांदा ज्युदोच्या मॅटवर उतरतो, तेव्हा त्याच्या शेजारी बहुधा शाळकरी मुले असतात. ती सहज कोलांट्या मारतात आणि पडून लगेच उठतात. नवख्याला मात्र दोन भीती असतात. एक हाड मोडण्याची आणि दुसरी, थोडी लपवलेली, हसे होण्याची. ज्युदो ज्यांनी घडवला ते जपानचे जिगोरो कानो (१८६०-१९३८) स्वतः असेच नवखे होते. ते अंगाने किरकोळ होते आणि सतत मार खात असत. त्यांच्या त्या अनुभवातूनच या खेळाची शिकवण्याची पद्धत तयार झाली. म्हणून उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी त्यांचे आयुष्य समजून घेणे उपयोगाचे आहे.

कानो ज्युदोकडे का वळले?

कोबे शहराजवळच्या मिकागे गावी १८६० मध्ये कानो यांचा जन्म झाला. घराण्याचा व्यवसाय साके, म्हणजे तांदळाचे मद्य, बनवण्याचा होता. लहानपणीच आई गेली आणि वडिलांबरोबर ते टोकियोला आले. अभ्यासात, विशेषतः इंग्रजीत, ते हुशार होते. शरीर मात्र साथ देत नव्हते. मोठे झाल्यावरही त्यांची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच राहिली. वसतिगृहातली दांडगी मुले त्यांना त्रास देत. दुबळा माणूसही बलवानाला पाडू शकेल अशी जुजुत्सू नावाची विद्या आहे, हे त्यांच्या कानावर आले होते. पण ती शिकवायला कोणी तयार होईना. सामुराईंचा काळ संपला होता, देश पाश्चात्त्य वळणावर निघाला होता आणि जुनी युद्धविद्या कालबाह्य ठरली होती. घरच्यांनाही मुलाच्या या हट्टात अर्थ दिसत नव्हता.

गुरू कसे सापडले?

१८७७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, कानो टोकियो विद्यापीठात दाखल झाले. आज सहा-सात वर्षांची मुले ज्युदो सुरू करतात, त्या हिशेबाने हा आरंभ उशिराचाच. गुरू शोधण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती केली. जुजुत्सूचे अनेक जुने शिक्षक पोटासाठी हाडवैद्यकी करत. म्हणून कानो हाडवैद्यांच्या पाट्या शोधत हिंडले. अशाच एका हाडवैद्याने त्यांना फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठवले. फुकुदा हेही हाडवैद्यच होते आणि त्यांची तालीम एका लहानशा खोलीत चालत असे.

फुकुदा यांची शिकवण्याची रीत जुन्या वळणाची होती. एखादा डाव कसा करायचा असे विचारले की ते कानो यांना पुढे बोलावत आणि आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. आपटून घेता घेता डाव आपोआप उमगेल, असा त्यांचा विश्वास होता. कानो यांचे अंग त्या काळात मलमपट्ट्यांनी भरलेले असे. तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मात्र हे समजावून सांगण्याची याहून बरी रीत असली पाहिजे, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

तगड्या प्रतिस्पर्ध्याला कसे पाडले?

फुकुदा यांच्या तालमीत फुकुशिमा नावाचा एक भारी शिष्य होता. कानो काही केल्या त्याला हरवू शकत नव्हते. जुजुत्सूतले डाव अपुरे पडले तेव्हा त्यांनी सुमोचे डाव पाहिले आणि ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक चाळले. त्यातून प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव त्यांनी बसवला आणि फुकुशिमाला पाडले. पुढे हा डाव ज्युदोत काता-गुरुमा नावाने आला. आपल्या मातीतल्या कुस्तीत कलाजंग पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. ज्युदोतला सेओइ-नागे हा डावही धोबीपछाडाचा जवळचा भाऊ आहे. लाल मातीच्या हौद्याशी नाते असलेल्या विदर्भातल्या माणसाला म्हणूनच ज्युदो अगदी परका वाटत नाही.

बळाचे गणित काय आहे?

फुकुदा १८७९ मध्ये वारले. त्यानंतरचे गुरू इसो मासातोमो यांचेही १८८१ मध्ये निधन झाले. मग कानो कितो-र्यू परंपरेतले इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे गेले. इइकुबो पन्नाशी ओलांडलेले होते आणि कानो विशीत, तरी पडत असत ते कानोच. वय आणि ताकद यांपलीकडे काहीतरी आहे, हे त्यांना इथे स्पष्ट दिसले. काही वर्षांच्या सरावानंतर एके दिवशी चित्र उलटले. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी बिघडवायचा आणि मगच डाव टाकायचा, हे सूत्र कानो यांच्या हाती लागले होते. ज्युदोत याला कुझुशी म्हणतात.

कानो हे आकड्यांत समजावत. समोरच्याची ताकद दहा आणि आपली सात धरा. तो ढकलतो तेव्हा आपणही ढकलले तर हार ठरलेली. पण आपण मागे सरकलो तर त्याच्याच जोराने तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याची ताकद दहावरून तीनवर येते आणि आपली सात तशीच शिल्लक असते. मग निम्म्या जोरातही काम होते. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या चाळिशीच्या माणसाला विशीतल्या तरुणासमोर उभे राहता येते ते याच हिशेबामुळे.

कोदोकानमध्ये वेगळे काय होते?

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानो यांनी टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात कोदोकान ही स्वतःची तालीम सुरू केली. जागा बारा चटयांची, म्हणजे साधारण दोनशे चौरस फूट. पहिल्या वर्षी शिष्य फक्त नऊ. जुजुत्सू म्हणजे कला किंवा तंत्र. कानो यांनी त्याऐवजी ज्युदो, म्हणजे मार्ग, हे नाव घेतले.

नवख्याच्या दृष्टीने त्यांनी केलेले तीन बदल महत्त्वाचे ठरले. पहिला, पडण्याचे शिक्षण. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा आणि पडताना हाताने चटईवर सपाट थाप मारायची, म्हणजे धक्का अंगभर वाटला जातो. मोठी माणसे पडताना सवयीने हात टेकवतात आणि मनगट किंवा खांदा दुखावून घेतात. ती सवय मोडणे हाच त्यांचा पहिला धडा. दुसरा बदल म्हणजे प्रहारांसारखे धोकादायक डाव मुक्त सरावातून काढून ठरावीक क्रमाच्या कातामध्ये ठेवले. पुढे सरावातले सांधे पिरगाळण्याचे डावही कोपरापुरतेच राहिले. हार मान्य असेल तर हाताने दोनदा थोपटायचे, की समोरच्याने तत्काळ सोडायचे. तिसरा बदल म्हणजे श्रेणी. १८८३ मध्ये त्यांनी दोन शिष्यांना पहिली दान श्रेणी दिली. आज जगभर कराटेपासून तायक्वांदोपर्यंत दिसणाऱ्या ब्लॅक बेल्टच्या पद्धतीचे मूळ इथे आहे.

मोठ्या वयाचे पहिले प्रसिद्ध विद्यार्थी कोण?

कानो यांचे शिष्य यामाशिता योशित्सुगू अमेरिकेत गेले. १९०४ मध्ये व्हाइट हाउसमध्येच त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ज्युदो शिकवला. रूझवेल्ट तेव्हा ४५ वर्षांचे होते आणि अंगाने भरलेले. आठवड्यातून तीनदा सराव, त्यानंतर अंगदुखी आणि मुका मार हे त्यांनाही चुकले नाही. पुढे यामाशिता अमेरिकेच्या नौदल अकादमीतही शिकवू लागले.

भारताशी आणि विदर्भाशी संबंध काय?

रवींद्रनाथ टागोर यांना जपानमध्ये ज्युदोचे आकर्षण वाटले होते. कोदोकानचे शिक्षक ताकागाकी शिन्झो १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आले. तिथे मुलींनीही ज्युदोचे धडे घेतले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

कानो स्वतः पेशाने शिक्षक होते. टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण शाळेचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या शाळेत पुढे थोर लेखक झालेले लू शुन शिकले. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या तोंडावर समितीने १९४० चे ऑलिम्पिक टोकियोला दिले. त्यामागे कानो यांची अनेक वर्षांची मेहनत होती. त्याच उन्हाळ्यात नागपूरपासून दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बर्लिनमध्ये कबड्डी आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवत होते. आपली देशी विद्या जगासमोर नीट मांडावी, ही धडपड टोकियोत होती तशीच अमरावतीतही होती.

शेवट कसा झाला?

१९३७ मध्ये जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. चिनी मुलांना शिकवलेल्या कानो यांचे ऑलिम्पिकचे स्वप्न आता त्याच युद्धाच्या सावटाखाली आले. १९३८ मध्ये कैरो येथील ऑलिम्पिक समितीच्या बैठकीत त्यांनी टोकियोची बाजू टिकवून धरली. परतीच्या प्रवासात हिकावा मारू या जहाजावर ४ मे १९३८ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ७७. दोनच महिन्यांनी जपानने स्पर्धेचे यजमानपद सोडले. टोकियोत ऑलिम्पिक झाले ते १९६४ मध्ये आणि ज्युदोचा ऑलिम्पिक प्रवेशही त्याच स्पर्धेत झाला. तिथे खुल्या गटाचे सुवर्ण नेदरलँड्सच्या अँटन गेसिंक यांनी जिंकले. जपानला तो धक्का होता. पण कानो यांची विद्या जगाची झाली, याचाही तो पुरावा होता.

नवख्याने यातून काय घ्यावे?

ब्लॅक बेल्टच्या पहिल्या श्रेणीचे नाव शोदान. शो म्हणजे आरंभ. म्हणजे ज्या पट्ट्याला आपण शिखर समजतो, तो पाया पूर्ण झाल्याची खूण आहे. त्यामुळे पांढरा पट्टा बांधून मुलांमध्ये उभे राहण्यात कमीपणा नाही. पहिले काही आठवडे फक्त पडण्याचा सराव करावा, मुक्त सरावाची घाई करू नये आणि थोपटायला लाजू नये. मणक्याचा, गुडघ्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कानो यांचे पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको हिला कानो यांनी स्वतः ज्युदो शिकण्याचे आमंत्रण दिले. १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती कोदोकानच्या महिला वर्गात दाखल झाली. तिची उंची पाच फुटांहून कमी होती. पुढे केइको फुकुदा अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि आयुष्यभर शिकवत राहिल्या. कोदोकानने त्यांना नववी श्रेणी दिली ती २००६ मध्ये. तेव्हा त्या ९२ वर्षांच्या होत्या.