रणांगणावरील प्राणदाता : आंब्रोआज पारे

रणांगणावर कीर्ति मिळविणारे पुरुष बहुधा शस्त्राच्या जोरावर ती मिळवितात. परंतु फ्रान्स देशांतील आंब्रोआज पारे ह्यानें तेथें कोणाचा प्राण न घेतां अनेकांचे प्राण वांचविले, व त्यामुळेंच त्याचें नांव अजरामर झालें.

पारेचा जन्म इ. स. १५१० च्या सुमारास लाव्हाल गांवाजवळ झाला. त्या काळीं विद्वान् वैद्य लॅटिन ग्रंथ पढत. पण जखमा धुणें व चिरफाड करणें हें त्यांस हलकें काम वाटे. तें न्हाव्यांकडे असे. पारेहि अशाच न्हावी-शस्त्रवैद्यांच्या हाताखालीं शिकला. त्यास लॅटिन येत नव्हतें. पॅरिस येथील ओतेल-द्यू ह्या मोठ्या रुग्णालयांत सुमारें तीन वर्षें त्यानें रोग्यांची सेवा केली. तीच त्याची खरी पाठशाळा.

पुढें तो सैन्याबरोबर इटलींतील तुरीनच्या स्वारीवर गेला. बंदुकीच्या दारूनें जखमेंत विष भिनतें अशी तेव्हां समजूत होती. म्हणून अशी जखम उकळत्या तेलानें भाजीत. एके दिवशीं तेल संपलें. निरुपायानें पारेनें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाइन ह्यांचा लेप लावला. त्या रात्रीं चिंतेनें त्यास झोंप आली नाहीं. पहांटे जाऊन पाहतो, तों लेप लावलेले शिपाई शांतपणें विसावलेले, आणि तेलानें भाजलेले ज्वरानें व सुजेनें तळमळत आहेत! पुन्हां कोणास असें भाजावयाचें नाहीं, हा निश्चय त्यानें तेथेंच केला. १५४५ सालीं त्यानें हा अनुभव सामान्य शस्त्रवैद्यांस समजावा म्हणून फ्रेंच भाषेंत छापला.

परंतु ह्याहून मोठा शत्रु होता रक्तस्राव. मोठी धमनी तुटली, तर मनुष्य कांहीं मिनिटांतच प्राणास मुकतो. हातपाय कापावा लागल्यास रक्त थांबविण्यासाठीं त्यावर लालभडक लोखंड टेंकवीत. वेदना असह्य होत. आणि खपली निघतांच रक्त पुन्हां वाहूं लागे. १५५२ सालीं दांव्हिलेर्सच्या वेढ्यांत एका सरदाराच्या पदरच्या गृहस्थाचा पाय तोफेच्या गोळ्यानें निकामी झाला. पारेनें तो कापला, पण लोखंड तापविलें नाहीं. रक्तवाहिन्यांचीं तोंडें चिमट्यानें ओढून त्यानें तीं दोऱ्यानें बांधलीं. तो गृहस्थ बरा झाला व लांकडी पायावर आनंदानें घरीं गेला.

दोरा बांधण्याची ही युक्ति प्राचीन गॅलन ह्यास ठाऊक होती, हें पारेनें मोकळ्या मनानें सांगितलें. कापावयाच्या जागेच्या वर घट्ट पट्टा आवळावा, म्हणजे रक्त आंवरतें, असेंहि त्यानें शिकविलें. पॅरिसच्या वैद्यपंडितांनीं त्याची निंदा केली. १५८५ सालीं त्यानें आपल्या प्रत्यक्ष अनुभवांच्याच आधारें उत्तर दिलें. लागोपाठ चार राजांचा शस्त्रवैद्य होऊनहि, रोगी बरा झाल्याचें श्रेय तो ईश्वरास देई. २० डिसेंबर १५९० रोजीं तो वारला. पुढें १७१८ सालीं पेती ह्यानें स्क्रूचा आवळपट्टा काढला, व एकोणिसाव्या शतकांत लिस्टर ह्यानें जखमेंतील जंतूंचा नाश करण्याची रीति दाखविली; तेव्हां कोठें पारेची पद्धति सर्वत्र निर्धास्तपणें चालूं लागली.

विद्यार्थ्यांनो, धमनीस दोरा बांधणें हें शस्त्रवैद्याचें काम. पण रक्त दाबून धरणें हें तुमच्या हातचें आहे. भळभळां रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनीं जोरानें दाबावें, व दुसऱ्याकडून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कापड भिजलें तरी तें न काढतां वर दुसरें ठेवावें. पुन्हां पुन्हां उचलून पाहूं नये. जखमेंत हळद किंवा माती भरूं नये. हातापायाचें रक्त दाबूनहि थांबेना, तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळावा व वेळ लिहून ठेवावी. शिकलेला मनुष्य जवळ असल्यास हें त्यानेंच करावें. पारेजवळ लॅटिन विद्या नव्हती. उघडे डोळे, दयाळू मन व स्थिर हात होते. संकटकाळीं तुमच्या शेजाऱ्यास ह्याच तिहींची गरज लागेल.