कर्मवीर भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगौंडा पाटील (जन्म: २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, कोल्हापूर जिल्हा, मृत्यू: ९ मे १९५९, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. पांढरी दाढी, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी ही त्यांची ओळख होती.

बालपण व शिक्षण

भाऊरावांचा जन्म जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहिल्याबद्दल त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात त्यांची सामाजिक दृष्टी घडली. पुढे ओगले काच कारखाना व किर्लोस्कर नांगर यांच्या विक्रीच्या कामानिमित्त ते खेडोपाडी हिंडले व शिक्षणाअभावी होणारी रयतेची दैन्यावस्था त्यांनी जवळून पाहिली.

रयत शिक्षण संस्था

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, जेवत व श्रम करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिन्यांबरोबर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तरी भाऊरावांनी कार्य थांबविले नाही.

घोंगडी

भाऊरावांच्या खांद्यावरील घोंगडी हे धनगर, शेतकरी व वारकरी यांचे नित्याचे वस्त्र होय. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून तिचे सूत काढतात. सनगर कारागीर ते हातमागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ लावून वस्त्रास ताठरपणा आणतात. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते व ही स्थिर हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगास ओलसर वाटत नाही. म्हणूनच उघड्या रानात मेंढ्यांच्या वाड्यापाशी निजणाऱ्या धनगरास एकच घोंगडी अंथरूण, पांघरूण व पावसातील खोळ अशी तिन्ही कामे देते. रयतेसाठी झटणाऱ्या भाऊरावांनी पेहरावही रयतेचाच स्वीकारला.

उत्तरायुष्य

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर सरकारी अनुदान बंद पडल्यावर लोकवर्गणीच्या आधारे संस्था टिकून राहिली. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. श्रमातून शिक्षण ही त्यांची शिकवण संस्थेच्या शाखांतून पुढे चालू राहिली. रायगड जिल्ह्यात पनवेल येथे संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे.