उस्ताद मन्सूर

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात एक जुने चित्र आहे. त्यात एकच पक्षी उभा आहे. अंग पांढरेशुभ्र, पाय लांब आणि तांबूस, चेहऱ्यावर पिसे नसलेली लाल कातडी. हा सायबेरियातला पांढरा क्रौंच. सुमारे चारशे वर्षांपूर्वी उस्ताद मन्सूरने तो रंगवला.

अकबराच्या काळात मन्सूर बाबरनाम्याच्या चित्रांवर काम करत असे. 1605 मध्ये जहांगीर बादशहा झाला आणि मन्सूरचे दिवस पालटले. जहांगीरला पशुपक्ष्यांचे फार वेड. नवा प्राणी आला, की तो त्याचे वर्णन स्वतः लिहून ठेवी. पण शब्द पुरे पडत नाहीत, म्हणून चित्रही काढून घेई. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून टर्की कोंबडा आणला. त्याचे मन्सूरने काढलेले चित्र आज लंडनला आहे. 1620 मध्ये काश्मीरला त्याने शंभराहून अधिक फुले रंगवली. जहांगीरने त्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब दिला. त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच!

आता त्या क्रौंचाकडे पुन्हा पाहा. तो ओळखणे सोपे नाही. त्याच्या पंखांची टोके काळी असतात, पण पक्षी उभा असला की ती झाकली जातात. मग खूण कोणती? आपला सारस करड्या रंगाचा. त्याचे डोके आणि मानेचा वरचा भाग लाल. या क्रौंचाचा लाल रंग मात्र फक्त चेहऱ्यावर असतो. मन्सूरने तो नेमका तिथेच भरला. शोभेसाठी थोडा इकडेतिकडे सरकवला असता, तर आज हा पक्षी कोणता, यावर वादच झाले असते. पल्लास नावाच्या शास्त्रज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते 1773 मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी.

हे क्रौंच हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीत येत. वाटेत त्यांची शिकार होई. दरवर्षी थवा लहान होत गेला. 2002 साली तिथे अखेरची जोडी दिसली. त्यानंतर कोणी आले नाही. चीनमधल्या पोयांग सरोवरावर मात्र हे पक्षी अजून हिवाळ्यात उतरतात.