एकनाथांची शुद्ध प्रत

जीव आणि ब्रह्म एकच, हा सिद्धान्त सांगणाऱ्याच्या वाटेवर एक निसरडी जागा असते. सर्वत्र एकच तत्त्व भरले आहे असे म्हणता म्हणता, ते तत्त्व म्हणजे आपणच आणि इतरांनी आपल्या पायाशी बसावे, अशी समजूत कधी होते ते कळतही नाही. या जागी ज्यांचा पाय घसरला नाही, अशा मोजक्या पुरुषांत पैठणच्या एकनाथांची गणना करावी लागेल.

नाथ हे विठ्ठलभक्त भानुदासांचे पणतू. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळ केला. पुढे देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. स्वामी राज्यकारभारातले गृहस्थ. त्यामुळे शिष्याच्या वाट्याला वेदान्ताबरोबर दप्तरही आले. एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, ही कथा सर्वपरिचित आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यांच्या पुढच्या एका कार्याची किल्ली तीत आहे.

ते कार्य म्हणजे ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण. १२९० मधील हा ग्रंथ सुमारे तीनशे वर्षे हातोहात नकलला जात होता, आणि मूळ पाठात बराच बिघाड झाला होता. १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, नाथांनी त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या वेळी ते कोणी नवशिके नव्हते. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत टीका १५७३ मध्येच वाराणसीत पूर्ण झाली होती. ज्ञानदेवांशी आपण एकरूप आहोत, असे म्हणून ग्रंथात आपल्या चार ओव्या मिसळणे अशा अधिकारी कवीला अवघड नव्हते. अद्वैताच्या भाषेत त्याचे समर्थनही करता आले असते. नाथांनी ते केले नाही. स्वतःचे म्हणणे त्यांनी ग्रंथ संपल्यावर थोड्या ओव्यांत वेगळे मांडले. त्यांत शक दिला, पाठांतरांमुळे आलेली अशुद्धता सांगितली आणि यापुढे कोणीही आपली ओवी यात घालू नये, असे बजावले. बजावणाऱ्याने तो नियम आधी स्वतःला लावला होता.

भारुडांत तर स्वतःचे नावगाव बाजूला ठेवून ते दुसऱ्याच्याच वेशात उभे राहतात. कधी जोशी, कधी गोंधळी, कधी महार. ब्राह्मण कुळातल्या संस्कृतज्ञाने महाराच्या मुखाने जोहार घालावा आणि त्याच मुखाने वेदान्त सांगावा, ही गोष्ट सोळाव्या शतकातल्या पैठणात साधी नव्हती. जातिव्यवस्था त्याने मोडली नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण ब्रह्मज्ञान कोणाच्या तोंडी शोभते, या प्रश्नाला नाथांनी दिलेले उत्तर मात्र संदिग्ध नव्हते. चमत्कारकथांनी त्यांच्या चरित्रातला हा भाग उगाच झाकून टाकला आहे. श्रीखंड्याची कावड घरोघरी ठाऊक असते. शके १५०६ किती जणांना आठवतो?

१५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांनी पैठण येथे देह ठेवला. भावार्थ रामायण तेव्हा युद्धकांडातच थांबले होते. उरलेला ग्रंथ गावबाने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला आणि लोकांनी मंदमती ठरविलेला हा मुलगा. ते काम नाथांनीच त्याच्यावर सोपविले होते म्हणतात.