आर्थर सलिव्हन

तुम्हाला पेटी किंवा बासरी येते का? छोट्या आर्थरला आठव्या वर्षीच बँडमधली फुंकून वाजवायची सगळी वाद्यं यायची! त्याचे वडील बँडमास्तर होते ना! जन्म लंडनचा, १८४२ सालचा.

मोठेपणी सलिव्हन संगीतकार झाले. गिल्बर्ट विनोदी नाटकं नि गाणी लिहायचे, हे चाली द्यायचे. लोक खूश! पण सलिव्हन यांना गंभीर संगीत करायचं होतं. १८८४ साली गिल्बर्टनी पुन्हा जादूच्या गोळीची गोष्ट आणली, तेव्हा ते चक्क नाही म्हणाले. मग गिल्बर्टनी नवीन नाटक लिहिलं, ‘मिकाडो’. सॅव्हॉय थिएटरात त्याचे सलग ६७२ प्रयोग झाले! ‘टॉप्सी-टर्वी’ सिनेमात हेच दाखवलंय.

१८९० साली मात्र दोघांचं बिनसलं. कशावरून, माहितीये? थिएटरच्या गालिच्याच्या खर्चावरून! नंतर त्यांनी आणखी दोन नाटकं केली, पण ती तितकी चालली नाहीत. १९०० साली सलिव्हन वारले.