पेटीच्या झाकणातली मीनाक्षी

आमच्या मामाच्या लोखंडी पेटीवर बाहेरून मारुती होता आणि झाकणाच्या आतून बायका होत्या. मामा शिकायला अमरावतीला असताना श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात जायचा. मारुती तिथल्या भक्तीतून आलेला. आतल्या बायका कुठून आल्या, हे त्याने कधी सांगितले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूर्तिजापूरहून शकुंतलेने बनोशाला उतरायचे, आजोळी दर्यापुरात शिरायचे आणि दुपारी सगळे निजले की ती पेटी उघडायची, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता.

झाकणात डावीकडे लीला चिटणीस होत्या, लक्स साबणाच्या जाहिरातीतल्या. १९४१ साली त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. उजवीकडे पाठमोरी उभी राहून खांद्यावरून मागे पाहणारी एक गोरी बाई. ही बेटी ग्रेबल, हे मला फार उशिरा कळले. १९४३ चे हे छायाचित्र महायुद्धात अमेरिकन शिपायांनी जिथे जागा मिळेल तिथे लावले होते. टाचणीने भिंतीला टोचायचे चित्र, म्हणून त्याला पिन-अप म्हणत. आणि मधोमध एक आपल्याकडची बाई, पोहण्याच्या पोशाखात, कात्रीने अगदी अंगालगत कापलेली.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नसे, आणि पोहणे म्हणजे पावसाळ्यात चंद्रभागेला पूर आला की पोरांनी मारलेल्या उड्या. बाईने पाण्यात खेळावे, तेही अशा कपड्यांत, आणि वर हसावे, याचे मला अपार नवल वाटे. मी तिच्यासारखी भुवई उंचावून आरशात पाहत असे. आजीने एकदा पकडले. ती मला काही बोलली नाही, पेटीचे झाकण मात्र आपटून लावले.

या बाईचे नाव मीनाक्षी शिरोडकर. मूळच्या रतन पेडणेकर, जन्म ११ ऑक्टोबर १९१६. लहानपणापासून शास्त्रीय गाणे शिकलेल्या. चित्रपटाआधी त्यांचा आवाज रेडिओवरच्या नाटिकांतून लोकांनी ऐकला होता. १९३६ मध्ये डॉक्टर शिरोडकरांशी लग्न झाले आणि दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, ‘ब्रह्मचारी’ आला. म्हणजे ती तरण्याचा पोशाख घातलेली मुलगी कुणी घर सोडून पळालेली पोर नव्हती. डॉक्टरांच्या घरची सून होती. आमच्याकडे डॉक्टरीणबाई म्हटले की डोक्यावरून पदर घेतलेली बाई डोळ्यांपुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

‘ब्रह्मचारी’ हंस पिक्चर्सचा. मास्टर विनायक दिग्दर्शक आणि नायकही, लेखन आचार्य अत्र्यांचे, संगीत दादा चांदेकरांचे. औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकून पेटतो. खोलीतली नटींची चित्रे काढून फेकतो आणि आश्रमात दाखल होतो. मग येते किशोरी, म्हणजे मीनाक्षीबाई, आणि पाण्यातले ते गाणे. औदुंबराच्या व्रताचे पुढे काय होते, ते सांगायला नको. तेव्हा गावोगावी व्यायाम, व्रते आणि वीर्यरक्षणाची व्याख्याने यांचा सुकाळ होता, त्यामुळे अत्र्यांचा बाण नेमका बसला. लोक खवळले आणि चित्रपटाला गर्दीही केली. मामाचे मला कौतुक वाटते ते इथे. औदुंबराने चित्रे फेकली. मामाने दंडबैठकाही सोडल्या नाहीत आणि चित्रेही नाहीत.

ते गाणे आता मोबाईलवर सापडते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चमकले. इतकी वर्षे मला पोशाख ठाऊक होता, गळा ठाऊक नव्हता. गाणे मीनाक्षीबाईंनी स्वतः गायलेले आहे, आणि तयारीने. कापलेल्या चित्रात आवाज कुठून येणार?

पुढे ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आला. तोही अत्र्यांचा, दारूबंदीची थट्टा करणारा. मग ‘अर्धांगी’ (१९४०). त्यात आधुनिक बाई झाल्या लीला चिटणीस, आणि मीनाक्षीबाईंच्या वाट्याला आली जुन्या वळणाची बायको. झाकणात शेजारी चिकटलेल्या या दोघी तिथे एकमेकींसमोर होत्या. पण त्यांची ती सोज्वळ बायको कुणी कापून जपली असेल असे मला वाटत नाही. १९४७ मध्ये विनायकराव अकाली गेले. मीनाक्षीबाई पुढे रंगभूमीवरही वावरल्या. हा सगळा प्रवास एका ओळीत उरकला जातो आणि पोशाखावर परिच्छेद लिहिले जातात. मीही आत्ता तेच केले आहे.

माझी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९७८ साली कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी बिनबाह्यांचे पोलके घालून गाणे म्हटले. कुणीतरी फोटो काढला, तो घरी पोहोचला आणि संध्याकाळी चुलीत गेला. गाणे कसे झाले, हे कुणी विचारले नाही. ‘ब्रह्मचारी’ला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. मीनाक्षीबाईंना त्या घरात कुणी काय म्हटले असेल, नवरा पाठीशी कसा उभा राहिला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या वडिलांवरचा राग गेला. पण तो फोटो एकदा तरी नीट पाहायला हवा होता.

१९९३ मध्ये मीनाक्षीबाईंची नात नम्रता मिस इंडिया झाली. तेव्हा पोहण्याचा पोशाख हा स्पर्धेचा रीतसर भाग होता, त्याला गुणही होते. आजी ते पाहायला होती. ३ जून १९९७ ला मीनाक्षीबाई गेल्या.

मामा त्याआधीच गेला होता. पेटी माझ्याकडे आली. मारुतीचा शेंदरी रंग उडाला आहे, ग्रेबलबाईंना कसर लागली आहे. मधले चित्र काढून चौकटीत बसवावे म्हणून कोपरा उचलून पाहिला, तर गंजाचा पापुद्रा सोबत येऊ लागला. तसेच राहू दिले. मामाने कापताना चित्रपटाचे नाव, नायक, तिचे स्वतःचे नाव, सगळे कात्रीबाहेर टाकले होते. मी खाली पांढऱ्या रंगाने, जमेल तितक्या बारीक अक्षरात, दोन्ही नावे लिहिली: रतन पेडणेकर, मीनाक्षी शिरोडकर. आणि जागा उरली म्हणून पुढे लिहिले, गायिका.