मनोरमेची आई : पंडिता रमाबाई

घरातले मूल मोठ्या दुखण्याने अंथरुणाला खिळले की सगळे घर त्याच्या खाटेभोवती गोळा होते. चाकण-भोसरीची पाळी संपवून बाप तसाच इस्पितळ गाठतो. आई उशाशी जपमाळ घेऊन बसलेली असते. भेटायला येणारे नातलग आणि शेजारी चांगल्या मनानेच सांगून जातात, की विश्वास पक्का ठेवा, लेकरू बरे होईल. ते बरे झाले तर देवाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पण नाही झाले तर? आईबापांचा विश्वास कमी पडला असे समजायचे का?

हा प्रश्न मनात ठेवून आज आपण पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहू या. त्या कॅथोलिक नव्हत्या, हे खरे. पण त्यांचे केडगाव आपल्याला परके नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच ते आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण. बायकांना संस्कृत शिकवू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ते शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्री पायी हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. वडील गेले, आई गेली, मागोमाग बहीणही गेली. इतके नेमधर्म पाळूनही आपली माणसे उपासमारीने गेली, हे सोळा वर्षांच्या रमेने डोळ्यांनी पाहिले. तिची लहानपणीची श्रद्धा तेथेच डळमळली.

उरलेल्या एका भावाबरोबर ती १८७८ मध्ये कोलकात्याला पोचली. तिची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिचा विवाह झाला आणि एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. लेक दहा महिन्यांची होते न होते तोच कॉलऱ्याने पतीला नेले. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाईंना रक्ताचे म्हणावे असे जवळचे माणूस आता एकच उरले, ती तान्ही मनोरमा.

लेकीला घेऊन त्या पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वांटेजच्या सिस्टरांच्या सहवासात त्यांना प्रभू येशूची ओळख झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा स्नानसंस्कार अँग्लिकन ख्रिस्तसभेत झाला. पुढे अमेरिकेचा दौरा करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील मुलींची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. हाडांचे सापळे झालेल्या, रोगाने पोखरलेल्या त्या मुली. रात्रंदिवस शुश्रूषा करूनही काही वाचल्या, काही दगावल्या. वाचलेलीसाठी देवाची स्तुती करायची, गेलेलीला मूठमाती द्यायची आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, असे ते दिवस होते.

मनोरमा परदेशात शिकून परतली आणि आईचा उजवा हात झाली. तिने मुक्तीतल्या अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. शारदा सदनाचा भार उचलला. आईमागे हे सगळे तीच सांभाळणार, असे सर्वांनी धरले होते. पण तिची प्रकृती ढासळली आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कानांनी नीट ऐकू येत नव्हते, शरीर थकले होते. आयुष्यभर ज्या देवाच्या भरवशावर त्यांनी हजारो लेकरे सांभाळली, त्याने त्यांची एकुलती लेक राखली नाही. दुष्काळात सोळा वर्षांच्या रमेची श्रद्धा डळमळली होती. या वेळी मात्र त्या मेजावर पसरलेल्या कागदांकडे पुन्हा वळल्या. हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे अनेक वर्षांचे काम शेवटाला आले होते. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवत होत्या आणि रमाबाई मुद्रिते तपासत होत्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

मूल गेले म्हणून रमाबाईंचा विश्वास तोकडा होता, असे कोण म्हणेल? तसे म्हटले तर क्रुसाखाली उभ्या असलेल्या पवित्र मरियेबद्दल काय म्हणणार? तिचा पुत्र जिवंत खाली उतरवला गेला नाही, तरी ती तेथून हलली नाही. मूल बरे व्हावे म्हणून जरूर मागावे, रडून मागावे. याइरानेही आपल्या मुलीसाठी प्रभूच्या पाया पडून मागितले होते. पण उत्तर काहीही आले तरी देवाचा हात न सोडणे, हा खरा भरवसा.

म्हणून आपल्याला एवढे करता येईल. आजारी मुलाच्या आईबापांच्या विश्वासाचे माप आपण काढू नये. त्यापेक्षा डबा पोचवावा, रक्त लागले तर द्यावे, एक रात्र खाटेशी बसून त्या माउलीला झोपू द्यावे. रुग्णाभ्यंगाचे साक्रामेंत फक्त शेवटच्या घटकेसाठी असते, ही भीतीही मनातून काढावी. गंभीर आजारी असलेल्या, समज आलेल्या मुलालाही ते मिळते. फादरांना वेळेवर बोलवावे आणि डॉक्टरांचे औषधही चालू ठेवावे.

आजच्या मिस्सामध्ये आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक आजारी लेकराला आणि त्याच्या उशाशी जागणाऱ्या आईबापांना आपण प्रभूच्या हाती देऊ या.